गवती चहाची बाटली

गवती चहा आणि सिट्रोनेला, ही दोन्ही गवतं वाफेवर शिजवून मी तेल काढते. पाती बघून भलेभले फसतात. तेलंही दोन्ही फिकट पिवळी. एक मधमाश्यांना बोलावतं, दुसरं डासांना पळवतं. फरक कळतो तो नाकाला, आणि माझ्या नाकावर गिऱ्हाइकांचा डोळे झाकून विश्वास.

ते नाक चार महिन्यांपूर्वीच्या तापात गेलं. मी कुणाला सांगितलं नाही. वास न येणाऱ्या तेलवालीकडे कोण फिरकणार? तेल निघालं की लगेच बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, एवढ्यावर दिवस ढकलत होते. परवा नेमका फोन आला, मी बोलत बसले, आणि दोन्ही तेलांची एकेक बाटली बिनचिठ्ठीची राहिली.

तेवढ्यात धाकटा भाऊ धापा टाकत आला. तो मधमाश्या पाळतो; थंडीत त्याच्या सगळ्या पेट्यांतल्या माश्या मेल्या होत्या.

"ताई, कुंपणाच्या झाडावर माश्यांचा घोस लटकलाय! गवती चहाचं तेल दे. पेटीत दोन थेंब टाकले की येतील. पण ऊन चढायच्या आत, नाहीतर गेल्या उडून."

मी दोन्ही बाटल्या ऐटीत हुंगल्या आणि अंदाजपंचे एक त्याच्या हातात दिली.

माश्या शांत राहाव्यात म्हणून झाडाखाली केलेल्या धुराने त्याचंही नाक चोंदलं होतं. त्याने थेंब टाकले. चार माश्या पेटीच्या तोंडाशी आल्या, घुटमळल्या, परत गेल्या. पुन्हा तेच. तासाभराने तो मटकन खाली बसला.

"माझ्याच हाताला यश नाही गं. विकून टाकतो पेट्या."

गप्प बसले असते तर माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. पण त्याचा चेहरा बघवेना.

"तुझी काही चूक नाही रे. ते डासांचं तेल आहे. मला वासच येत नाही. चार महिने झाले."

"आणि मघाशी हुंगत होतीस ते?"

"नाटक."

"धन्य आहेस! पळ, दुसरी बाटली आण."

दुसऱ्या पेटीत थेंब पडले. आधी दहा-बारा आल्या, मग रीघच लागली. मी पेटीजवळ उकिडवी बसून खोल श्वास घेतला. काहीच नाही. मी काढलेल्या तेलाचा वास एवढ्याएवढ्याशा जिवांना कळत होता आणि मला नाही. इतके दिवस आवरलेलं रडू फुटलं.

"कसा येतोय रे? सांग ना."

त्याने नाक शिंकरलं, बाटली हुंगली.

"तुझ्या हातांना येतो ना, ताई, तोच."