दुसऱ्या हाताची नखं

सगळ्यांचं एकमत झालं की धाकटीला धास्ती वाटायची. मोजमापं फारच जुळायला लागली तर आधी मोजपट्टी तपासावी, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्या अंगी मुरलं होतं. आणि इथे तर जुळण्याचा कहर झाला होता. तिने बनवलेला नेल फायलर कारखान्यात ज्याने ज्याने हातात घेतला, तो तो म्हणाला, "वा! काय बसतो हो हातात!" पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, हिशेबनीस म्हणाले. ज्याला चहासुद्धा कधी बरा लागत नसे त्या रखवालदारानेही मान डोलावली.

कारखाना कंगव्यांचा. फायलर हा त्यांचा पहिलाच वेगळा माल, आणि उद्या सकाळी त्याचा साचा कापायला घ्यायचा होता. पोलाद एकदा कापलं की कापलं, पुन्हा भरून येत नाही. धाकटीची उमेदवारी पुढच्या महिन्यात संपत होती. फायलर चालला तर ती कायम होणार, नाही चालला तर हातात नारळ. साहेबांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण न बोलण्याची त्यांची एक पद्धत होती.

घरी आल्यापासून ती स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालत होती, आणि वाटेत डाव्या हाताची करंगळी कुरतडत होती. तिच्या दहाही बोटांची नखं अशीच गेली होती, शाळेपासून.

"वन्सं," सोफ्यावरून वहिनीने हाक मारली. एरवी दोघींचं अगं-तुगं चाले. "वन्सं" फक्त टोमण्यासाठी राखून ठेवलेलं. "घराला प्रदक्षिणा घालून पुण्य लागत नाही हो. हिंडताच आहात तर जरा माझ्या पायांची खबर घ्या. आठवा लागल्यापासून माझी नि त्यांची गाठभेट नाही."

धाकटी पिशवीतून फायलर घेऊन आली आणि वहिनीच्या पायांशी बसली. मूठ मऊ होती, एका बाजूला अंगठ्यासाठी खळगी, दुसऱ्या बाजूला तर्जनीला टेकायला उंचवटा. मूठ जराशी पिळलेली होती, म्हणजे मनगट न वाकवता पातं नखावर नीट पडावं. ते पडलंही. वहिनीच्या अंगठ्याचं जाड नख बघता बघता गोल झालं.

"छान चाललाय की. मग तोंड असं का, एरंडेल प्यायल्यासारखं?"

"सगळ्यांना आवडलाय."

"अरे देवा. मोठंच संकट." वहिनीने हात पुढे केला. "आण इकडे, हाताची माझी मी करते. तेवढं वाकावं लागत नाही."

वहिनी नखं घासू लागली आणि तोंडाचा पट्टाही सुरू झाला. "तुझ्या दादाने काल पाळणा जोडला. चार स्क्रू उरले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, कंपनीवाले जास्तीचे देतात! मी सांगून ठेवलंय, त्यात आधी तू निजायचंस..."

धाकटी हसली आणि हसता हसता थांबली. वहिनीने डाव्या हाताची नखं संपवून फायलर डाव्या हातात घेतला होता. एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मूठ सोडून तो चक्क पात्याजवळ चिमटीत धरला, गुडघ्यावर दाबून ठेवला, आणि उजव्या हाताचं बोट त्याच्यावर मागेपुढे घासू लागली. बोलणं मात्र अखंड चालू होतं.

"वहिनी, काय करतेयस?"

"काय म्हणजे? नखं घासतेय."

"फायलर हलत नाहीये. बोट हलतंय."

वहिनीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजारणीचा होता. "हो की गं. डाव्या हाताने धरवतच नाही नीट. पण त्यात काय, जमतंय की!"

त्यात काय! धाकटी ताडकन उठली. तिने फायलर डाव्या हातात घेतला. अंगठा उंचवट्यावर चढला, तर्जनी खळगीत घसरली. उलटा केला, पातं भलतीकडे वळलं. उजव्या पायाचा बूट कसाही फिरवला तरी डाव्या पायात बसेल थोडाच?

तिने डावखुऱ्यांचा विचार केला नव्हता असं नाही. त्यांच्यासाठी पुढे आरशातल्यासारखा उलटा नमुना काढायचं ठरलंही होतं. पण नखं घासताना प्रत्येकच माणूस अर्धा वेळ डावखुरा असतो, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. येणार कुठून? तिने फायलर तपासला तो शिकंज्यात धरलेल्या प्लास्टिकच्या नखांवर, नाहीतर दुसऱ्यांच्या बोटांवर, कायम उजव्या हाताने. आणि लोकांना काय सांगितलं? "सोयीचं वाटेल तसं धरा, दोन मिनिटं घासा, मग सांगा." दोन मिनिटांत पाच नखं होतात. सोयीच्या हाताला सोय विचारली होती. तो नाही कशाला म्हणेल?

तिने साहेबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"आता त्यांच्या घराला फेऱ्या मारणार का?" वहिनी म्हणाली.

सकाळी धाकटी पोचली तेव्हा पोलादाचा ठोकळा यंत्रावर आवळलेला होता. साचे कापणाऱ्या मिस्त्रींना सगळे मायक्रॉनकाका म्हणत, कारण केसाइतकी चूकही त्यांना नाल्याएवढी दिसे. ते पाण्याची नळी जोडत होते.

"काका, थांबा."

"मी थांबतो हो. पण थांबायला कोण सांगतंय? तुम्ही की साहेब?"

साहेब मागून येतच होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकताना कपाळाला आठ्या घालत गेले. "आणि हे तुमच्या एवढ्या चाचण्यांत दिसलं नाही?"

तिने दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी ती खाल्लेली नखं पाहिली. घासून बघण्याजोगं तिथे काही उरलंच नव्हतं.

"तुम्हीच बघा ना, साहेब. उजव्या हाताची घासा."

साहेबांनी फायलर डाव्या हातात घेतला, दोनदा फिरवला, टेबलाच्या कडेला टेकवला. "चालतंय की."

"आता बोट हलतंय, साहेब. फायलर नाही."

मायक्रॉनकाका खाकरले. साहेबांनी बोट थांबवलं. "लोक सवय करून घेतील," ते म्हणाले.

"सवय त्यांना जुन्याची आहेच. मग नवा कशाला घेतील?"

"खळगी काढली तर उरतं काय? डबीवर छापलंय, अंगठ्याला खास जागा! तेच बघून सगळे वा म्हणाले." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "काका, आधी कंगव्याचा साचा चढवा. " मग ते धाकटीकडे वळले. "दुपारी दुसरं काही पटण्याजोगं दाखवा, नाहीतर हाच कापायचा. आणि मग हा खपला नाही, तर माझ्याकडे येऊ नका."

धाकटीने पुट्टी घेतली. खळगी बुजवली, उंचवटा खरवडला, पीळ काढला. मूठ मधे किंचित फुगीर केली, दोन्ही बाजूंनी सारखी, लाटण्याच्या टोकासारखी. पहिली जाड झाली, दुसरी हातातून निसटली. तिसरी वाळायच्या आतच ती पॅकिंगच्या टेबलाशी पोचली.

"दोन्ही हातांची घासायची. मग पायांचीसुद्धा. मधे थांबायचं नाही."

"काय गं, आज आमचं लग्नबिग्न आहे का?" टेबलावरची सगळ्यात थोरली बाई म्हणाली, आणि चपला काढून बसली. घासता घासता तिने शेजारणीशी जावयाचं रडगाणं सुरू केलं. हा हात झाला, तो हात झाला, पाय झाले. तरी जावयाला उसंत मिळाली नाही.

साहेब दारात येऊन उभे होते. "कसा वाटला?" त्यांनीच विचारलं.

"कोण, जावई?"

"फायलर हो!"

तिने हातातल्या फायलरकडे नव्याने पाहिलं. "बरा आहे. नखं झाली."

"बरा आहे!" साहेब धाकटीकडे वळले. "काल लोक वा म्हणत होते. आज 'बरा आहे'. हे डबीवर छापू?"

"काल पाच नखं झाली होती, साहेब. आज वीस झाली आणि तिला कळलंही नाही."

साहेबांनी त्या बाईच्या हातांकडे पाहिलं. तिने आता शेजारणीचा हात ओढून घेतला होता आणि जावयाचा पुढचा अध्याय चालू होता. साहेबांनी धाकटीकडे न बघताच मागे हाक दिली. "काका, हा कापा." मग जाता जाता म्हणाले, "डबीवर काय छापायचं ते तुम्हीच सुचवा. मला तर काही सांगण्यासारखं दिसत नाही यात."

कायम करण्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

मूठ मोजून, आकडे तपासून मायक्रॉनकाकांनी यंत्र सुरू केलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पोलादाचा पहिला कीस उडाला. धाकटी यंत्रापाशी उभी होती. मग यंत्राच्या पलीकडे उभी राहिली, मग पुन्हा अलीकडे.

"जा हो आता," काका म्हणाले. "तुमच्या काळजीने पोलादाला धार येत नाही."

ती निघाली, पण टेबलाशी पोचल्यावर तिने पुट्टीचा फायलर पुन्हा उचलला आणि पाण्याच्या बादलीत बुडवून थोरल्या बाईपुढे धरला.

"मावशी, ओल्या हातांनी एकदा?"

"आता?" मावशी म्हणाली. "तिकडे साचा कापायला लागलासुद्धा ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "लागला."