लाल माठ आणि पिवळं पाणी

आरे कॉलनीत बस वळते तिथल्या वडाखाली माणसं दाटली होती. सगळ्यांची नजर एका पितळी तांब्यावर. भाजीबाबा लाल माठाने कावीळ उतरवतो, अशी बोलवा पार मुलुंडपर्यंत गेली होती.

"औषध नव्हे, भाजी आहे भाजी," ठेचलेला माठ एका बाईच्या तळव्यांवर चोळत बाबा म्हणाला. "यकृताची राखणदार. आता तीर्थ घालतो. चुरचुरलं तर विकार निघतोय समजा."

तांब्यातलं स्वच्छ पाणी तळव्यांवर पडलं आणि खालच्या पांढऱ्या थाळीत पिवळंजर्द उतरलं. माणसांनी हात जोडले.

कमलने जोडले नाहीत. तिच्या सम्यकच्या हातांतूनही असंच पाणी निघालं होतं. "उतरली गं आई," म्हणत तो हसला होता. बाबाने सुई टोचून घ्यायला मनाई केली, त्याने ऐकली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. वर्षावासाचे तीन महिने संपायच्या आत तो गेला. वर बाबाचा निरोप, पथ्य मोडलं असणार. तेव्हापासून कमल रडली नव्हती आणि घरात लाल माठ शिजला नव्हता.

आज सकाळी सुनेने, संघमित्राने, माठाची जुडी आणली होती. कमलने मुकाट्याने निवडली. बोटं लाल झाली. मग तंबाखू मळायला डबीतला ओला चुना अंगठ्यावर घेतला, तर अंगठा पिवळा. ती त्या अंगठ्याकडे बघत बसली. काहीच वाटलं नाही. तेवढ्यात शेजारची सेलिना दारात आली, नवऱ्याला बाबाकडे नेतेय म्हणाली. कमलने चपला घातल्या आणि ती त्यांच्याबरोबर वडाखाली आली.

सेलिनाच्या नवऱ्याचे, कीथचे, डोळे हळदीसारखे झाले होते. त्याने तळवे पुढे केले.

"थांब रे," कमल मध्ये आली. "बाबा, आधी तुझ्या हातावर घे."

"आजी, मी निरोगी आहे."

"मग घाबरतोस कशाला? निरोग्याचं पाणी पांढरं निघेल."

"घ्या ना बाबा, तुमचं काय जातंय," मागून कुणीतरी म्हणालं.

कमलने त्याचं मनगट धरलं, चोथा फासला, तांब्या कलवला. थाळी पिवळी झाली.

"अरे, तुला पण आहे की," ती म्हणाली. "तुझी कोण उतरवणार?"

तिने तांब्याच्या बुडाशी बसलेला पांढरा साका बोटावर घेऊन दाखवला. "हा चुना. वरची निवळी म्हणजे ह्याचं तीर्थ. माठाचा लाल रस चुन्याने पिवळा होतो. माझ्या डबीत पण हेच तीर्थ आहे."

"पण काकू, भाजी लिव्हरला चांगली असते ना?" सेलिनाने हळूच विचारलं.

"असेल गं. अशा भाज्यांचे अर्क उंदरांना देऊन बघतायत, दवाखान्यातली डॉक्टरीण मला म्हणालेली. ह्याला काय झालंय ते रक्त तपासल्यावर कळेल. रिक्षा बोलाव."

रिक्षात कीथ कोरड्या तळव्यांकडे बघत होता. "एकदा धुतलं असतं तर जरा बरं वाटलं असतं, काकू."

"सम्यकला पण वाटलं होतं," कमल म्हणाली.

कीथला दाखल करून घेतलं. संध्याकाळी कमलने माठ फोडणीला टाकला. जेवली. चव कळली नाही. चाळीतल्या बाया दाराशी आल्या. "मग माठ खायचा की नाही?"

"खा की. भाकरीबरोबर पोटभर खा. पण घरात कुणी पिवळं दिसलं तर थाळीतल्या पाण्याचा रंग बघत बसू नका. डोळ्यांचा बघा आणि दवाखाना गाठा."