झिराडकरांची नदीकाठची इमारत

पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. हनोक झिराडकर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं तांबूस पाणी फाटकाखालून आलं, स्कूटरच्या चाकांभोवती फिरलं आणि पहिल्या पायरीला टेकलं. एवढं होताना कसलाच आवाज झाला नाही.

हनोकना आवाज करणाऱ्या भीतीची सवय होती. ते मूळचे रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी धर्माप्रमाणे काम बंद म्हणून बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. हनोक नऊ वर्षांचे असताना आईबाप त्यांना घेऊन इस्रायलला गेले. लोद नावाच्या गावात ते वाढले, तिथंच संसार झाला. एक्क्याण्णवच्या आखाती युद्धात भोंगा वाजला की घरच्यांनी एका खोलीत जायचं, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, आणि हनोकनी सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर गॅसचा मुखवटा बांधायचा. पट्टा घट्ट झाला तर ती गुदमरेल, सैल राहिला तर विषारी हवा आत जाईल. ते पट्टा पुन्हा सोडायचे, पुन्हा बांधायचे.

पुढं बायको आजारात गेली, मुलगी मोठी झाली. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीनं, मराठी येतं म्हणून, हनोकना २००४ साली कोल्हापूरला धाडलं. कागल-गडहिंग्लजच्या उसात नळ्या अंथरत ते हिंडले. लोक त्यांना 'इस्रायलचं पावणं' म्हणायचे. कंपनीचं काम संपलं, पण ते परत गेले नाहीत. इथं भोंगा वाजत नव्हता. कागलजवळ हायवेला लागून त्यांनी पहिला प्लॉट घेतला, मग दुसरा. जागा घ्यायची, थांबायचं, विकायची, हाच धंदा झाला. आपल्या नावाची जमीन पायाखाली असली की त्यांना झोप लागायची.

कोल्हापुरातला, नदीकडच्या उतारावरचा हा प्लॉट त्यांनी २०१३ साली बघितला. मालक बाळासो सोबत होता. त्याची म्हातारी आई तानाबाई काठी टेकत मागनं आली.

"पावणं, हितं घर बांधू नगासा," ती म्हणाली. "माज्या लगनाच्या साली पाणी त्या चिंचंच्या दुसऱ्या फांदीला लागलं हुतं. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"आईचं वय झालंय," बाळासो हसला. "पाच साली केवढा पूर आलता! त्येची खूण ह्या खांबावर हाय बघा. कमरंएवढी. तुमी तेवढं सोडून बांधा की."

२००५ सालचा तो पूर हनोकनी स्वतः पाहिला होता. खूण खरी होती. पण त्यांनी चिंचेकडंही बघितलं. दुसरी फांदी दोन पुरुष उंचीच्या वर होती. जागा मात्र स्वस्तात मिळत होती. त्यांनी खांबावरची खूण धरली. बांधकामाला चिंच आडवी आली, तेव्हा तोडायची का म्हणून मुकादमानं विचारलं आणि त्यांनी लगेच होकाराची मान हलवली.

खाली पार्किंग, वर तीन मजले. आईच्या नावावरून रिव्हका रेसिडेन्सी. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांनी स्वतःला ठेवला, बाकीचे विकले. तानाबाई काय म्हणाली ते घेणाऱ्यांपैकी कुणालाही सांगितलं नाही.

पाणी शिरायच्या आदल्या दिवशी महापालिकेची जीप घरं सोडा म्हणून ओरडून गेल्यावर बहुतेक बिऱ्हाडं निघाली. पहिल्या मजल्यावरची शिवलीला दारात घुटमळत होती. ती हायस्कुलात गणित शिकवायची. नवरा अमरेश गडहिंग्लजला कामाला गेला तो रस्ते बंद झाल्यानं तिकडंच अडकला होता. घरात सासरे मल्लाप्पा, ज्यांना ती कानडी रीतीनं मावा म्हणायची, फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना ऑक्सिजनच्या यंत्राशिवाय चालत नसे.

"काका, आमी काय करू? मावांना हलवायचं म्हंजे..."

"हलवू नकोस," हनोक म्हणाले होते. "माझ्या इमारतीत पाणी येत नाही. पाच सालापेक्षा जास्त येणार नाही."

आता वीज गेली होती. यंत्र बंद पडलं होतं. घरात एकच सिलिंडर होता आणि त्याचा काटा खाली येत होता. शिवलीला मदतीच्या नंबरावर फोन लावत होती. बोटी दुसरीकडं आहेत, येतील, एवढंच उत्तर मिळत होतं. अकरा वाजता पाणी नवव्या पायरीवर होतं. कठड्याला एक साप विळखा घालून बसला होता. त्याच्याकडं बघायलाही कुणाला सवड नव्हती. पाण्याखाली गेलेल्या मीटरच्या खोलीतून बुडबुडे येत होते. पाण्यात वीज असेल तर? हनोकनी पाय मागं घेतला.

त्यांनी तोंडातल्या तोंडात शेमा म्हणायला घेतलं, लहानपणी आईनं शिकवलेली प्रार्थना. दुसऱ्या ओळीला शब्द आठवेनात.

ते वर शिवलीलाच्या घरात आले. मल्लाप्पांची छाती भात्यासारखी हलत होती. शिवलीला त्यांच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "पाच सालापेक्षा जास्त येणार न्हाय म्हणालता तुमी."

"शिवलीला," हनोक म्हणाले. "मला सांगितलं होतं. जागेच्या मालकाच्या आईनं. इथं याहून वर पाणी आलेलं तिनं बघितलं होतं."

ती वळली. "तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"आनी काल मला ऱ्हा म्हणाला?"

तिनं काट्याकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. "मला आत्ता रडायला येळ न्हाय," ती म्हणाली. "मावांचे पाय धरा."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. दुसऱ्या मजल्यावरचा महंमद, ज्याचं गल्लीत गॅरेज होतं, ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर लाकडी दार बांधून आला होता. आदल्या दिवशी त्यानं बायकोला, फातिमाला, भावाकडं पोचवलं होतं, आणि शिवलीला मागं राहिल्याची तिनंच त्याला आठवण करून दिली होती. "लाईट मेन लाइनीतनंच बंद केलीय," तो ओरडला. "पाण्यात उतरा, काय न्हाय हुत!"

हनोकचा विश्वास बसला नाही. तरी ते उतरले, कारण त्यांच्या मागं शिवलीला होती. गार पाणी आधी गुडघ्याला, मग छातीला लागलं. प्रत्येक पायरीला आता झटका बसेल असं वाटत होतं. मल्लाप्पांना चादरीत घेतलं होतं, सिलिंडर त्यांच्या पोटावर. वळणावर हनोकचा पाय घसरला आणि म्हाताऱ्याचं डोकं पाण्याला लागलं. शिवलीला किंचाळली. हनोकनी स्वतः पाण्याखाली जाऊन चादर वर रेटली. नाकातोंडात चिखल गेला. डोळ्यांपुढं अंधार आला तरी हात वरच होते. महंमदनं ओढून घेतलं तेव्हा म्हातारा खोकत होता. खोकत होता म्हणजे जिवंत होता.

मल्लाप्पा वाचले. पुढच्या उन्हाळ्यात गेले, पण आपल्या अंथरुणावर, लेकासुनेच्या हातचं पाणी पिऊन.

पूर ओसरल्यावर हनोकनी सगळ्या कुटुंबांना एकत्र बसवलं आणि तानाबाईचं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. महंमद उठून गेला. हनोकनी हायवेकडचे प्लॉट विकून उंचावर, कागलच्या रस्त्याला, दुसरी इमारत बांधली आणि ज्याला हवा त्याला तिथं बदली फ्लॅट दिला. सगळेच गेले. शिवलीलानं कागदावर सही केली, पण त्यांच्याशी बोलली नाही.

जुनी इमारत राहिली. बाळासोचा पुतण्या राजवीर ती विकत मागत होता. रंग मारून कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देऊ म्हणायचा. हनोकनी नकार दिला. कुणाला तिथं ठेवायची हिंमत होईना, आणि स्वतः निघून जायचाही धीर होईना. तिसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहिले. इस्रायलमधल्या अश्दोदहून मुलगी फोन करायची. तिच्याकडं भोंगे वाजत होते, तरी ती विचारायची, "बाबा, तुमच्याकडं पाऊस किती आहे?"

गेल्या जुलैत पाणी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आलं. दुपारी फोन वाजला. त्यांनी उचलला, आणि पलीकडं कोण आहे ते पहिल्या श्वासातच कळलं.

"काका," शिवलीला म्हणाली. "अजून तितंच हाय न्हवं तुमी?"

"होय."

"भ्या वाटतंय?"

"फार."

"मग बसलाय कशाला? अमरेश गाडी घेऊन चौकात थांबलाय. या इकडं."

त्यांनी औषधाची पिशवी घेतली, कुलूप लावलं आणि भिंतीला धरून जिना उतरू लागले.