तळपायांना ऐकू आलेलं

"आई, चपला घाल. चर्चमध्ये काढत नाहीत." रसिकाने आईचा चेहरा आपल्याकडे वळवून सावकाश सांगितलं. इंदुमतीबाई ओठ वाचत. या वेळी त्यांनी वाचूनही ऐकलं नाही.

"देवाच्या दारात कसल्या चपला?"

"अच्छा, राहू दे. चल."

दिल्लीतलं ते जुनं चर्च. लाकडी जमीन थंडगार होती. दोघी दुसऱ्या रांगेत बसल्या. समोर उघड्या शवपेटीत ग्रेस मसीह, त्यांची नोएडातली शेजारीण. परवा सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलायला वाकली, ती उठलीच नाही. इंदुमतीबाईंना हे पटतच नव्हतं. रडूही आलं नव्हतं, आणि रसिकाला त्याचीच काळजी होती.

आजारपणात कान गेले तेव्हा संगमनेरची बालवाडी सोडून इंदुमतीबाई लेकीकडे आल्या. रसिका दिवसभर ऑफिसात. चौदाव्या मजल्यावर त्यांच्याशी थांबून बोलणारी ग्रेस एकटीच. हिंदी ओठ वाचायला तिनेच शिकवलं, तेही शिव्यांपासून. घराची एक किल्ली तिच्याकडे असे. तिकडच्या जमिनीचा भरवसा नाही. हादरा बसला की सोसायटीचा भोंगा वाजे, सगळे जिन्याकडे धावत, आणि ग्रेस तेवढी उलटी इंदुमतीबाईंच्या घरात शिरे. हात धरून ओढी.

"चलो बहरी महारानी! नीचे चलो, फिर सो जाना!"

पाद्रींनी हात वर केला. सगळे उभे राहिले, इंदुमतीबाईही.

तळपायांखाली काहीतरी हललं. मग पोटऱ्यांत शिरलं, गुडघ्यांत आलं. पुढचा बाक हाताखाली थरथरू लागला. आता ते बरगड्यांत होतं. पंखा डोलतोय का, हे बघायलाही त्या थांबल्या नाहीत.

"भूकंप!"

त्या धावल्या, पण दाराकडे नाही. शवपेटीपाशी जाऊन त्यांनी ग्रेसचा हात धरला आणि सगळा जोर लावून ओढला.

"उठो ग्रेस! चलो! नीचे चलो!"

मागे नुकतंच सुरू झालेलं गाणं विस्कटलं. बायकांनी तोंडावर हात धरले. ग्रेसचा हात उचलला गेला नाही. गार, जड, ताठ. इंदुमतीबाई होत्या तिथेच थिजल्या. थरथर चालूच होती, पण कुणी पळत नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

रसिका येऊन पोचली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, भूकंप नाहीये. ऑर्गन वाजतोय." तिने भिंतीलगतच्या उंच नळ्यांकडे बोट दाखवलं.

"वाजतोय?"

"हो."

इतक्या वर्षांनी त्यांच्यापर्यंत काही पोचलं होतं. आणि ते ग्रेस गेली म्हणून वाजत होतं.

"मेली गं ती," इंदुमतीबाई म्हणाल्या. आवाज केवढा निघाला ते त्यांना कळलं नाही. शेवटच्या बाकापर्यंत तो गेला.

रसिका त्यांना जागेवर न्यायला लागली, तसा ग्रेसचा भाऊ पुढे आला. "रहने दीजिए," तो तिला म्हणाला. "यहीं रहने दीजिए."

ऑर्गन पुन्हा भरून आला. इंदुमतीबाईंचे खांदे हलू लागले, आणि त्यातली थरथर ऑर्गनची किती, त्यांची किती, ते रसिकाला सांगता आलं नसतं.

मग जमीन शांत झाली. मागे सगळे बसले. इंदुमतीबाईंनी डोळे पुसले आणि ओढाताणीत वर सरकलेली ग्रेसची बाही मनगटापर्यंत नीट खाली केली.