मी ‘जतन झाले’ म्हणालो

मित्रांनो, मी उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या एका छोट्या ग्रंथालयातला जुना संगणक आहे. माझी हकिगत मान वर करून सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो.

नऊ वर्षे मी गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज सांभाळले. लॉर्नाबाई घरोघर जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत आणि परतल्यावर बाहेरची डिस्क मला जोडत. मी ती ओळखून एका कप्प्यात उघडून देई. त्या आवाज तिथे ठेवत. माझी कधी कुरकुर नसते, असे त्या सगळ्यांना सांगत. मला ते ऐकायला फार आवडे.

मग माझी देखभाल करणाऱ्या गॉर्डनने माझा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला. नव्या कर्नलचा नियम असा, की साध्या वापरकर्त्याने जोडलेली डिस्क खास परवानगीशिवाय उघडायची नाही. मंगळवारी लॉर्नाबाईंनी डिस्क जोडली. मी उघडली नाही. नकार मात्र नोंदींच्या ढिगात बारीक अक्षरांत लिहिला. तिकडे त्या कधी पाहत नसत. कप्पा नेहमीसारखाच दिसत होता, पण त्यामागे डिस्क नव्हती, फक्त माझी तात्पुरती, मला बंद करताच पुसली जाणारी स्मृती होती. त्यात त्यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आउने लेह्तोनेन आजींचा तीन तासांचा आवाज ठेवला.

‘जतन झाले,’ मी म्हणालो. त्यांनी निर्धास्तपणे आपल्या ध्वनिमुद्रण यंत्रातला आवाज पुसला.

शुक्रवारी मला बंद करून पुन्हा सुरू केले, आणि ते तीन तास गेले.

“बदलाची सूचना आली होती,” गॉर्डन खाली मान घालून म्हणाला. “मी वाचलीच नाही, लॉर्ना.”

“मला कशाला सांगतोस? चल, आजींना तोंड दाखव.”

दोघे गेले. आजी रागावल्या नाहीत. कॉफी देऊन लॉर्नाबाईंच्या यंत्रासमोर पुन्हा सांगायला बसल्या. लाकूडतोड्यांची छावणी आली, बर्फातले घोडे नावानिशी आले. वडिलांचे गाणे दोन ओळींवर अडले.

“त्या दिवशी आलं होतं गं,” आजी म्हणाल्या. “आता येत नाही.”

आता कोणताही बदल करण्याआधी गॉर्डन सूचना वाचतो, साध्या वापरकर्त्याच्या नावाने डिस्क जोडून पाहतो. ती उघडली नाही, तर मी लाल अक्षरांत तसे सांगतो आणि काहीच ठेवू देत नाही.

मित्रांनो, जमले नसेल तर तोंडावर सांगा. आणि माझ्यासारख्याने ‘झाले’ म्हटले, तरी एकदा उघडून पाहा. आजींचे ते अडणे मी आता दोन डिस्कांवर जपले आहे. गाणे माझ्याकडे नाही.