आधी रिकामा बघा

या, या. असे समोर या, बाजूने बघू नका. बाजूने बघणाऱ्याला माझा काटा नेहमी कलंडलेलाच दिसतो आणि मग उगाच गैरसमज होतात. हं, आता ठीक. मी सहावीच्या वर्गातला तराजू बोलतोय. खिडकीपाशी, टेबलावरच्या लाकडी चौकटीला टांगलेला, पितळी, दोन पारड्यांचा. वय विचारू नका. आमच्या धंद्यात वजन सांगतात, वय नाही.

मी तसा बोलका नाही. उभा जन्म दुकानात गेला आणि तिथे बोलायचं काम मालकाचं. पण परवा माझ्यावरचं मोठं गंडांतर टळलं. मन इतकं हलकं झालंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तराजूनं स्वतःला हलकं म्हणावं, म्हणजे बघा!

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या भट्टीपाशी झाला. माणूस अबोल, पण नजर पक्की. माझी दांडी ओतली तेव्हा डावा हात अंमळ जड झाला. दुसरा कुणी असता तर कानस घेऊन तासत बसला असता. यानं मला टांगलं, जरा न्याहाळलं आणि उजव्या पारड्याच्या बुडाला, खालच्या खोबणीत, वितळलेल्या शिशाचा एक थेंब सोडला. आम्ही त्याला पासंग म्हणतो. हलक्या बाजूची उणीव भरून काढणारं इवलंसं वजन. काटा दोन-चारदा डुलला आणि मधोमध येऊन उभा राहिला. "झालं," कारागीर म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच शब्द.

तो थेंब तेवढा लक्षात असू द्या. पुढे त्यानंच माझा जीव टांगणीला लावला.

तिथून मी एका किराणा दुकानात आलो. मला विकत घेतलं ते मालकांच्या वडिलांनी, पण माझी खरी कारकीर्द झाली मालकांच्याच हाताखाली. साखर, चहा, साबण, खिळे, सगळं मी तोललं. माणसंही तोलली म्हणा ना, कारण गिऱ्हाईक काट्याकडे कसं बघतं यावरून तो माणूस कळतो. एक गृहस्थ वजन करताना नेहमी छताकडे बघायचे. भिडस्त बिचारे! एक काकू डोळा न लववता काट्याकडे बघायच्या आणि काटा स्थिर झाला की म्हणायच्या, "आता जरा झुकतं द्या हो, घरचंच दुकान आहे." मालक हसून चिमूटभर साखर वाढवायचे. काकू खूश, मालक खूश, मी जरा वाकडा.

मालकांची एक पद्धत होती. काहीही तोलायच्या आधी ते मला रिकामाच उचलायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आधी रिकामा बघा." गिऱ्हाइकानं काटा मधोमध पाहिला की मगच माल पारड्यात. दुकानात झुंबड असो, बाहेर पाऊस असो, यात खंड नाही. घाईतली माणसं वैतागायची. "अहो, आहे विश्वास, घाला लवकर!" मालक म्हणायचे, "तुमचा आहे हो, माझ्या समाधानासाठी बघा."

एकदा तर त्यांनी आपल्या नातीलाही माझ्या पारड्यात ठेवलं. दवाखान्यातून नुकतंच घरी आणलेलं गाठोडं. सुनेला म्हणाले, "आधी रिकामा बघ." सून म्हणाली, "बाबा, मी काय गिऱ्हाईक आहे?" पण तिनं बघितलं. मग मऊ फडकं घालून बाळाला ठेवलं. काटा स्थिर होतोय न होतोय, तोच बाळानं पारड्यातच कार्यभाग उरकला! मालक म्हणाले, "आता कोणतं वजन धरायचं, आधीचं की नंतरचं?" त्या दिवशी दुकान किती तरी वेळ नुसतं हसत होतं.

पुढे मालकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मुलाला दुकानात रस नव्हता. फळ्या कायमच्या लागल्या. मला वाटलं, आता माळ्यावरची धूळ आपल्या नशिबी. पण तोवर ती पारड्यातली नात सहावीत पोचली होती आणि तिच्या बाईंना वर्गासाठी तराजू हवा होता. मालक स्वतः मला शाळेत घेऊन आले.

"बाई, आनंदानं देतो," ते म्हणाले, "पण एक अट आहे. ज्या दिवशी हा खोटं तोलेल, त्या दिवशी मला परत द्यायचा. मी वितळवून टाकीन. खोटा तराजू पोरांसमोर टांगलेला मला चालणार नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, माझ्या हातून कसलं खोटं होतंय!

वर्गातलं आयुष्य मला फार मानवलं. दुकानात गिऱ्हाइकं माल घेऊन निघून जायची. इथली गिऱ्हाइकं जातच नाहीत, पुन्हा पुन्हा तेच तोलतात. आधी हातात धरून अंदाज करायचा, मग माझ्याकडे यायचं, असा बाईंचा नियम. डस्टर, बूट, कंपासपेटी, सगळ्यांचे अंदाज झाले. एका मुलाला सगळे 'पैज' म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "लाव पैज" नं संपतं. तो आजवर एकही पैज जिंकलेला नाही, पण उत्साहात तसूभर फरक नाही. आणि मालकांच्या नातीला सगळे म्हणतात 'मोजपट्टी', उंच, सडपातळ, आणि दिसेल ते मोजत सुटणारी.

कधी बाई एका पारड्यात बंद डबी आणि थोड्या गोट्या ठेवायच्या, दुसऱ्यात नुसत्या गोट्या. काटा मधोमध. "डबी न उघडता सांगा, आत किती गोट्यांइतकं वजन आहे? गोट्या काढा, पण चोरी करायची तर दोन्हीकडून सारखी!" मुलं इकडून एक, तिकडून एक गोटी काढत जायची. शेवटी एकीकडे डबी एकटी उरायची आणि उत्तर समोर. फळ्यावर जे गणित पाहून पोरं जांभया देतात, तेच माझ्या पारड्यात आलं की बाकांवर उभी राहतात.

मग शनिवारचं प्रदर्शन ठरलं. पालक येणार, वर्गात खोटं-खोटं दुकान मांडणार आणि तराजू सांभाळणार मोजपट्टी. घरी जाऊन तिनं आजोबांना आग्रहाचं बोलावणं केलं. गुडघे दुखत असले तरी येईन, असा त्यांचा निरोप आला.

प्रदर्शनाआधी मला चकाचक करायचं ठरलं. मुलांनी मला सुटा केला. साखळ्या एका गटाकडे, वजनं दुसऱ्याकडे. उरली पारडी. एक मोजपट्टीच्या गटानं घेतलं, एक पैजच्या. लिंबू-मीठ घेऊन दोन्हीकडे अशी चढाओढ लागली की विचारू नका.

मोजपट्टीला तिच्या पारड्याच्या बुडाला काळा ठिपका दिसला. "शी, केवढा मळ!" म्हणत तिनं तो लिंबानं घासला, मग नखानं, मग कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याच्या टोकानं खरवडला. अगं पोरी, तो मळ नाही, माझा पासंग आहे! पण मला कुठली वाचा? शेवटी तीच कंटाळली. "जाऊ दे, खालून कोण बघतंय!"

पारडी चकचकीत झाली, शेजारी-शेजारी वाळत पडली आणि मग ज्याच्या हाताला जे लागलं, ते त्यानं अडकवलं. दिसायला दोन्ही जुळ्या भावांसारखी. माझं उजवं पारडं डावीकडे गेलं, डावं उजवीकडे.

मला टांगलं आणि मी डावीकडे असा कलंडलो की माझीच मला लाज वाटली.

"बाई, काटा मधे येतच नाहीये!"

पैज लगेच पुढे. "मोजपट्टीचं पारडं खाली गेलंय. जड आहे तिचं. नीट घासलंच नाही हिनं, मळ तसाच ठेवलाय. लाव पैज!"

"हट्! तूच तुझं घासून घासून हलकं केलंस!"

तेवढ्यात मुख्याध्यापक फेरीवर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सरसावला आणि म्हणाले, "बाई, जुनं ते जुनंच. प्रयोगशाळेतला बटणाचा वजनकाटा घ्या शनिवारी. हा द्या परत, ज्यांचा त्यांना."

परत! परत म्हणजे भट्टी. हे वर्गात तिघांनाच ठाऊक होतं, बाईंना, मोजपट्टीला आणि मला.

मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर पळाले. मोजपट्टी डबा न उघडता माझ्यासमोर उभी राहिली. बोटानं काटा मधे आणायची, सोडायची, तो पुन्हा कलंडायचा. "मीच खरवडलं," ती पुटपुटली. "आजोबा येतील, आधी रिकामा बघतील आणि तुला घेऊन जातील." तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी तिला कसं सांगू, बाळ, तू काही बिघडवलेलं नाहीस, नुसती डाव्याची जागा उजव्याला गेलीय?

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. सुट्टी संपल्यावर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"हा काल नीट होता, आज नाही. मधे काय बदललं ते शोधायचं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुणाचं श्रेय आणि कुणाचा दोष, कळणार नाही."

"टेबल तिरकं असेल," मागून आवाज आला. मुलांनी मला चौकटीसकट उलटा फिरवला. जे पारडं खिडकीकडे झुकलं होतं, ते आता दाराकडे झुकलं. म्हणजे दोष माझ्याबरोबर फिरला. टेबल निर्दोष सुटलं.

"साखळीला पीळ असेल." पीळ काढला. काटा जागचा हलेना.

मोजपट्टी मान खाली घालून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी कर्कटकानं खरवडलंय पारडं."

बाईंनी विचारलं, "खरवडलं तर ते हलकं व्हायला हवं ना? मग खाली का गेलंय?"

मोजपट्टीनं मान वर केली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मी सांगतो!" पैज उसळला. "तिचं पारडं मुळातच जड आहे. सिद्ध करून दाखवतो. पारड्यांची अदलाबदल करा. तिचं पारडं ज्या बाजूला जाईल, ती बाजू खाली जाणार. लाव पैज!"

अरे माझ्या सोन्या! आयुष्यात पहिल्यांदा कुणी पैज हरावी म्हणून मी देव पाण्यात ठेवले.

त्यानं आणि मोजपट्टीनं मिळून पारडी काढली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. दोघांनी हात सोडले. मी हललो, डुललो, मुद्दाम जरा रेंगाळलो म्हणा ना, आणि मधोमध येऊन उभा राहिलो.

पहिला पैजच म्हणाला, "हे काय! कुणीच खाली नाही?"

"हरलास!" सगळा वर्ग ओरडला.

मोजपट्टीनं वाकून पारड्याखाली पाहिलं. तोच काळा ठिपका. या वेळी तिनं तो नुसता बोटानं चाचपला. "बाई, हा मळ नाही. मुद्दाम लावलंय कुणीतरी. दांडीची ती बाजू जड असणार, म्हणून या बाजूच्या पारड्याला हे दिलंय. आम्ही हे जड बाजूलाच टांगलं होतं!"

"म्हणजे पारडं जड आहे हे माझं बरोबर होतं," पैज म्हणाला.

"अर्धी पैज जिंकलास," बाई म्हणाल्या. त्याच्यासाठी तेवढी पुष्कळ झाली. मोजपट्टीनं तेव्हा कुठे डबा उघडला, तोही भर तासात, आणि बाईंनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं केलं.

शनिवारी मालक आले. काठी टेकत, पण इस्त्रीच्या सदऱ्यात. शेजारी मुख्याध्यापक होते. मोजपट्टी दुकानाच्या टेबलामागे उभी. मालकांनी समोर वाटाणे ठेवले आणि म्हणाले, "बाई, एवढे तोला बघू." नातीला त्यांनी 'बाई' म्हटलं!

तिनं वाटाण्यांना हातही लावला नाही. मला रिकामाच मोकळा सोडला आणि म्हणाली, "आधी रिकामा बघा."

मालक बघत राहिले. काटा केव्हाच मधोमध स्थिर झाला होता, तरी बघत राहिले. मग गुडघ्यांचं निमित्त करून खुर्चीवर बसले आणि रुमालानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग तिनं त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि पारडं उलटं करून तो थेंब दाखवला. मालकांचा आ वासलेलाच राहिला. "अगं, हा कधी आला? आम्ही पारडी कधी काढलीच नाहीत, नुसतं टांगल्या जागी पुसायचो. उभा जन्म सगळ्या गावाला काटा दाखवला, पण खालून कधी बघितलं नाही मी!"

"म्हणजे काका," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "हा इथेच राहू दे ना? बटणाच्या काट्याला उलटं करून असं काही सापडायचं नाही."

मालक हसले. "राहू दे. पण खरवडू नका हो आता."

माझ्या उजव्या पारड्याला आणि उजव्या हाताला आता लाल दोरा बांधलाय, एकाच रिळातला. बांधला पैजनं, गाठ मोजपट्टीनं तपासली. अंगावर अजून लिंबाचा वास आहे. रात्री शाळा बंद झाली की मी निवांत टांगलेला असतो आणि तो अबोल कारागीर आठवतो. त्याचा एक थेंब इतकी वर्षं कुणालाही न कळता माझी लाज राखत होता.

तुम्हाला एवढीच विनंती, कधी शाळेत आलात तर खिडकीपाशी या. तोलायला काही आणलं नसलं तरी चालेल. मी रिकामाच आहे. काटा मधोमध आहे. बघून घ्या.