उचलून लाव

आमच्या जुन्या घराचं दार घासायचं. मूठ धरून ते थोडं वर उचलायचं आणि खांद्यानं रेटायचं, मगच ते फरशीवर खरखरत आत जायचं. लावतानाही तीच कसरत. त्यामुळे घरात कुणीही पाऊल टाकलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "उचलून लाव रे!" आलास का नाही, दमलास का नाही. चाळीस वर्षं आमच्या घरातलं स्वागत ते एवढंच.

मी सुतार. बाबाही सुतार होते आणि ते दार त्यांनीच बसवलेलं, ओल्या लाकडाचं, घाईघाईत. सुताराच्या घरचं दार घासतं ही गोष्ट मला लहानपणापासून टोचायची. मला वाकडं बघवतच नाही. कुणाकडे जेवायला गेलो तरी ताटाआधी टेबलाचा कोपरा बघतो. म्हणून बाबांनी माझं नाव गुण्या पाडलं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं आमचं हत्यार. माझं लग्न जमलं नाही, तेव्हा ताई म्हणाली, याच्या चौकटीत बसणारी कुणी जन्मालाच आली नाही. असो. रंधा घेऊन मी त्या दाराजवळ गेलो की आई कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "हात लावशील तर बघ!"

तिला ते दार ऐकायचं असायचं. बाबा खांद्यानं रेटायचे, ताई खालून लाथ घालायची, मी हिसडा द्यायचो. कोण आलं हे आईला मान वर न करता कळायचं. पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली. मग बाबा गेले. त्यानंतर बारा वर्षं त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती काठीशिवाय वावरली. मी दिवसभर कामावर, ती एकटी. चहा करायची, कपडे वाळत घालायची, रेडिओवरच्या बातम्यांशी हुज्जत घालायची. आमच्या घरात अंधारात ठेचकाळायचो तो मी, ती नाही.

मग इमारतीला तडे गेले आणि ती पाडायचं ठरलं.

ताई सासरहून धावत आली. "नव्या जागेत आईला दिवसभर एकटं सोडायचं नाही. माझ्या गावाजवळ म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे, तिथे नाव घालते," ती म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "दोन महिने दे. तिला आपलं आपण वावरता आलं नाही, तर खुशाल घेऊन जा." आई पलंगावर बसून ऐकत होती. ताई गेल्यावर म्हणाली, "मला नको रे पाठवू कुठे. तिथे मला पाणीसुद्धा मागून प्यावं लागेल."

त्या दिवसापासून मी इरेला पेटलो. सतरा जागा बघितल्या आणि जुन्या घरासारखीच मांडणी असलेली एक शोधून काढली. पहिला मजला होता, पण बाकी सगळं तसंच. आत आल्यावर छोटा बोळ, डावीकडे स्वयंपाकघर, आणि बोळाच्या टोकाला बाहेरचं दार आणि न्हाणीघराचं दार शेजारी शेजारी. पलंगापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं होती, ती नऊच ठेवली. जुन्या न्हाणीघरात एक पायरी उतरावी लागायची, म्हणून इथेही पायरी करून घेतली. आईचं कपाट, तिची खुंटी, रेडिओची फळी, सगळं फूटपट्टी लावून जागच्या जागी आणलं. फक्त दारं नवी केली. दोन्ही दारं मुरलेल्या लाकडाची, एका बोटानं उघडणारी, आवाज म्हणून नाही. दोन्हींना सारख्याच पितळी मुठी. बाहेरच्याला कुलूप होतं, पण आतून मूठ फिरवली की ते उघडायचं, आई आत अडकायला नको म्हणून. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी आत आलो आणि आई सवयीनं ओरडली, "उचलून लाव रे!"

"आता उचलायची गरज नाही," मी म्हणालो. "बोटानं ढकललं की झालं."

"असं होय," ती म्हणाली. नंतर ती तसं कधी ओरडली नाही. मी आत आलेला तिला कळतच नसे. मी बोललो की दचकायची.

तीन-चार दिवसांनी ती बोळाच्या टोकाला उभी राहून दोन्ही मुठी चाचपत होती. म्हणाली, "दोन्ही अगदी सारखीच झाली रे."

मी फुशारलो. मला वाटलं, कौतुक करतेय! म्हणालो, "जोडीच आहे ती. सुताभराचा फरक दाखव."

आठवड्यानं तिनं पुन्हा विषय काढला, या वेळी सरळ. "गुण्या, बाहेरचं दार जरा घासत ठेव ना. जुन्यासारखं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चांगलं दार मुद्दाम बिघडवू? लोक शेण घालतील तोंडात. माझ्या हातून वाकडं होणार नाही, आई."

"बरं," ती म्हणाली. या घरात आल्यापासून तिनं हट्ट करणं सोडलं होतं. तेव्हा तरी तिनं करायला हवा होता, असं मी आता म्हणतो, आणि असं म्हणायची मला लाज वाटते.

दीड महिना झाला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी एका खिडकीची चौकट ओळंब्यात आणत होतो आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा फोन आला. आई जिन्यात पडली होती.

कसं झालं ते मला तिथे पोचताक्षणी कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या हातात टॉवेल होता. बाहेरचं दार सताड उघडं होतं. तिनं न्हाणीघराचं समजून मूठ फिरवली, दार गपचूप उघडलं, आणि ती सवयीनं एक पायरी उतरली. पायरी लागलीसुद्धा, कारण आमचा जिना दाराला लागूनच सुरू होतो. मग तिनं फरशी समजून पुढचं पाऊल टाकलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं विसरा. महिन्यानं तिला घरी आणली तेव्हा ती निम्मीच राहिली होती, अंगानं आणि डोक्यानंही. पलंगावर पडल्या पडल्या ती रोज विचारायची, "आपण घरी कधी जायचं रे?" मी म्हणायचो, घरीच आहेस. ती भिंतीला हात लावून बघायची.

ताईनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. शेवटी मीच सांगितलं. "तिनं मला मागितलं होतं, ताई. दार घासत ठेव म्हणाली होती. मी ऐकलं नाही." ताई म्हणाली, "रविवारी दहाला संस्थेची गाडी येईल. मी तिकडे दारातच थांबते. तिचे कपडे भरून ठेव."

शनिवारी दुपारी मी हत्यारं काढली. बाहेरच्या दाराच्या वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले, खालच्या कडेला एक पट्टी ठोकली. दार खाली बसलं. नव्या फरशीवर अर्धगोल ओरखडा उठला. बाहेर गेलो, मूठ धरून हिसडा दिला आणि खरखरत आत आलो.

"उचलून लाव रे!" आई आतून म्हणाली.

मी बोळात उभाच राहिलो. हुंदका बाहेर पडू नये म्हणून मनगट दातांत धरलं.

पलंगाजवळ गेलो तर तिचा चेहरा उजळलेला. "आलास? किती दिवस वाट बघायला लावलीस. त्या लोकांकडे ठेवून गेलास मला. माणसं चांगली होती रे, पण त्यांच्या घरात काही कळायचं नाही." तिनं माझा हात चाचपून घट्ट धरला. "आता नाही ना कुठे जायचं?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहाला दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. कुलूप मी काढून ठेवलं होतं, पण उठून दार उघडायला जाणं मला जमलं नाही. दार हलेना, तेव्हा त्यातल्या एकानं खांदा लावला. आई आतून त्याला सांगत होती, "उचलून रे, उचलून."